उतारवयातला उत्तरेचा प्रवास

एका वाचक भगिनींचे पत्र समोर आहे. त्यांचे वय ७१, यजमानांचे ७६. यजमानांना मधुमेह जुना आहे, पाच वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला आहे, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आहे आणि डाव्याचा ‘पुढे बघू’ म्हणून राहिला आहे. आयुष्यभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. ध्रुवीय प्रकाशाची आकृती खडूने फळ्यावर काढून दाखवली. तो प्रकाश स्वतः कधी पाहिला नाही. आता तो पाहावा असे त्यांच्या मनात आहे. मुलगा नोकरीनिमित्त ऑस्लोला असतो. तो म्हणतो, डिसेंबरात या. मुलगी पुण्यात असते. ती म्हणते, या वयात बर्फात जाण्याचा हट्ट कशाला? ‘दोघांपैकी कुणाचे ऐकू?’ असे बाईंनी विचारले आहे.

या दोघांपैकी कुणाचेही पूर्णपणे ऐकू नये असे माझे मत आहे. जावे, परंतु डिसेंबरात जाऊ नये, आणि डाव्या डोळ्याचे काम उरकल्याशिवाय जाऊ नये. वृद्धांच्या इच्छेला ‘हट्ट’ म्हणण्याची आपल्या घरांत जी सवय पडली आहे तिच्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. एवढेच नोंदवतो की ७६व्या वर्षी ‘पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तरदेखील निरुपद्रवी नसते. पुढच्या वर्षी गुडघे, नजर आणि हृदय आज आहेत तसेच राहतील याची हमी कोणताही वैद्य देऊ शकत नाही.

ज्यांच्या घरी भूगोलाचे शिक्षक नाहीत त्यांच्यासाठी प्रथम त्या प्रकाशाविषयी थोडे. सूर्यापासून विद्युतभारित कणांचा झोत सतत वाहत असतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याला अडवते, वळवते, आणि ध्रुवांभोवतीच्या एका कड्यासारख्या पट्ट्यात त्यातील ऊर्जा इलेक्ट्रॉनांच्या रूपाने वातावरणावर येऊन आदळते. सुमारे १०० ते १५० किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणू त्या आघाताने हिरवे उजळतात, २०० किलोमीटरच्या वर तेच अणू तांबडा प्रकाश देतात, आणि नायट्रोजनमुळे पडद्याच्या खालच्या कडेला जांभळट झालर दिसते. नॉर्वेच्या क्रिस्टियान बिर्केलंड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रयोगशाळेत निर्वात पेटीत एक चुंबकीय गोळा ठेवून त्याच्या ध्रुवांभोवती असेच तेज निर्माण करून दाखवले होते.

आपला या प्रकाशाशी अगदीच संबंध नाही असेही नाही. ज्या चुंबकीय वादळांमुळे तो उसळतो, त्यांच्या नोंदी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून होत आल्या. १८५९ सालच्या सप्टेंबरातील प्रचंड वादळाची कुलाब्याची नोंद आजही जगभरचे अभ्यासक वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ही मोजमापे १९०४ साली अलिबागला हलवावी लागली. मे २०२४ मधील वादळात तर लडाखमधील हानले येथील कॅमेऱ्यांनी क्षितिजावरची तांबूस आभा टिपली. हे वृत्त वाचून ‘नॉर्वे कशाला, लडाखलाच जाऊ’ असे काही जण म्हणू लागले होते. हृदयरोग्यांनी त्या भरीस पडू नये. हानलेची उंची ४,००० मीटरहून अधिक आहे, तेथील विरळ हवा उत्तरेतल्या थंडीपेक्षा हृदयाला अधिक जड जाते. आणि तेथे हा प्रकाश क्वचित, तोही मुख्यतः कॅमेऱ्यालाच दिसतो.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे डोळ्यांकडे वळू. सहलीच्या जाहिरातींत आकाश पाचूसारखे हिरवेगार दाखवलेले असते. ते छायाचित्र खोटे नसते, पण कॅमेऱ्याने काही सेकंद प्रकाश साठवून ते घेतलेले असते. माणसाच्या डोळ्याला तसा साठा करता येत नाही. अंधारात आपण ज्या पेशींनी पाहतो त्यांना रंग जवळजवळ कळत नाहीत; रंग ओळखणाऱ्या पेशी जाग्या होण्यासाठी पुरेसा उजेड लागतो. म्हणून मंद प्रकाश सर्वांनाच प्रथम पांढुरका, राखाडी दिसतो, आणि अनेक जण त्याला ढग समजून पाठ फिरवतात. त्यातून वयाचा भाग वेगळा. तरुणपणी अंधारात बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते. सत्तरीनंतर ती ५च्या आसपास किंवा त्याहून कमीच उघडते. म्हणजे डोळ्यात शिरणारा प्रकाश तेथेच निम्म्यावर येतो. उरलेल्यातला काही भाग वयाने पिवळसर झालेले भिंग अडवते. मोतीबिंदू असेल तर दूरच्या प्रत्येक दिव्याभोवती वलये उमटतात आणि आकाश गढूळ दिसते.

हे सारे मी निराश करण्यासाठी सांगत नाही. प्रकाश जोरात आला की पांढुरकी कमान हिरवी होते, तिच्या चुण्या पडतात, दोरीवर वाळत घातलेले नऊवारी लुगडे वाऱ्याने हलावे तशी ती हलू लागते, आणि हे वृद्ध डोळ्यांनाही उत्तम दिसते. पण त्यासाठी डोळ्यांची तयारी हवी. बाईंनी डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया आता करून घ्यावी, म्हणजे प्रवासापूर्वी डोळा स्थिरावण्यास आणि नव्या नंबरचा चष्मा होण्यास निदान दोन-तीन महिने मिळतील. मधुमेह असल्याने नेत्रपटलाचीही तपासणी सोबतच व्हावी; पटलावर मधुमेहाचे परिणाम झालेले असतील किंवा पूर्वी लेझरचे उपचार झालेले असतील, तर रात्रीची नजर कमी झालेली असते. काचबिंदूवरील काही थेंब, उदाहरणार्थ पायलोकार्पिन, बाहुली लहान ठेवतात. ते स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. फक्त अपेक्षा तशा ठेवाव्यात. आणि प्रत्यक्ष त्या रात्री अंधारात किमान अर्धा तास थांबावे. डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास उतारवयात अधिक वेळ लागतो, आणि नातवाने मोबाइलचा पडदा एकदा तोंडासमोर धरला की सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. उजेड लागलाच तर मंद तांबडा वापरावा.

डिसेंबर का नको, तेही सांगतो. नॉर्वेतील ट्रॉम्सो हे या प्रकाशासाठी सर्वाधिक प्रसिद्ध असलेले शहर जवळजवळ ७० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. दुपारी थोडा वेळ निळसर संधिप्रकाश असतो, एवढेच. तरुणांना त्याचे अप्रूप वाटते. वृद्धांची झोप त्याने विस्कटते, आणि ज्यांना विस्मरणाचा आजार आहे त्यांचा संध्याकाळी होणारा गोंधळ अशा ठिकाणी दुपारपासूनच सुरू होऊ शकतो. रस्त्यांवर बर्फ वितळून पुन्हा गोठलेला असतो. समुद्रातील उष्ण प्रवाहामुळे ट्रॉम्सोची थंडी हिवाळ्यात बहुधा शून्याखाली काही अंशांवर थांबते. परंतु फिनलंडच्या अंतर्भागात ती उणे २० ते ३०पर्यंत उतरते.

याउलट सप्टेंबरच्या उत्तरार्धात दिवस-रात्र सारखी असते. दिवसा ५ ते १० अंशांची, म्हणजे उत्तर भारतातील कडक थंडीइतकी हवा असते, पायाखाली बर्फ नसतो, आणि रात्री नऊ-दहानंतर आकाश पुरेसे काळे होते. शिवाय संपातांच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर व मार्चच्या आगेमागे, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा सौर वाऱ्याशी असलेला कोन असा असतो की चुंबकीय वादळे तुलनेने अधिक होतात. तळी गोठलेली नसल्याने प्रकाश पाण्यातही दिसतो. फिनलंडमध्ये त्याच सुमारास रानाला पिवळा-तांबडा बहर येतो. मला तर वृद्धांसाठी हाच काळ सर्वोत्तम वाटतो. हिवाळ्याचेच दर्शन हवे असेल तर मार्च घ्यावा, कारण तेव्हा बर्फ असला तरी उजेड भरपूर असतो.

प्रवासी कंपन्या ‘यंदाच या, नंतर अकरा वर्षे थांबावे लागेल’ असे सांगतात, त्याने घाबरून जाऊ नये. सूर्याच्या क्रियाशीलतेचे सुमारे ११ वर्षांचे चक्र असते आणि २०२४च्या ऑक्टोबरात ते शिखरकाळात पोहोचल्याचे अमेरिकी संस्थांनी जाहीर केले, हे खरे. पण ते शिखर हळूहळू उतरते, उतरत्या काळातही मोठी वादळे होतात, आणि ६५ ते ७० अंशांच्या पट्ट्यात तर सूर्य शांत असतानाही हा प्रकाश दिसतो. एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी एक हंगाम थांबल्याने काही बिघडत नाही.

स्थळ निवडताना ढग आणि चालणे या दोन गोष्टी पाहाव्यात. ट्रॉम्सोला शरद ऋतूत पाऊस आणि ढग पुष्कळ. पण तेथे विद्यापीठाचे मोठे रुग्णालय आहे, आणि स्टेंट असलेल्या माणसाच्या दृष्टीने ही बाब हिरव्या पडद्याइतकीच मोलाची आहे. स्वीडनमधील आबिस्को डोंगरांच्या पर्जन्यछायेत असल्याने तेथील आकाश पुष्कळदा निरभ्र असते. मात्र तेथील डोंगरावर नेणारा उघडा पाळणा रात्रीच्या थंडीत हृदयरोग्याने टाळावा. फिनलंडमधील सारिसेल्का, इनारीच्या परिसरात काचेच्या छताच्या खोल्या मिळतात. त्या महाग आहेत, पण ज्यांना बाहेर उभे राहणे जमत नाही त्यांच्यासाठी अंथरुणात पडून आकाश पाहण्याची ही सोय खरोखर उपयोगाची आहे. एकच रात्र तेथे घ्यावी, बाकीच्या साध्या जागी काढाव्यात.

आणखी एक मार्ग म्हणजे जहाज. नॉर्वेच्या किनाऱ्याने १८९३ सालापासून प्रवासी बोटींची सेवा चालू आहे; आता ती बर्गेनपासून किर्केनेसपर्यंत ३४ बंदरांना लागते. प्रकाश दिसला की खलाशी ध्वनिक्षेपकावरून सांगतात, आणि माणूस खोलीतून उठून डेकवर येतो. सामान उचलावे लागत नाही, बर्फावरून चालावे लागत नाही, प्रकृती बिघडली तर पुढचे बंदर फारसे दूर नसते. उघड्या समुद्राच्या काही टप्प्यांत मात्र बोट हलते. त्या वेळी मळमळीवरची गोळी सहज घेतली जाते. पण अशा बहुतेक गोळ्यांनी प्रोस्टेटच्या रुग्णाची लघवी अडू शकते, काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यातील दाब वाढू शकतो आणि वृद्धांना भ्रम होऊ शकतो. निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना याविषयी विचारून ठेवावे.

थंडी आणि हृदय यांचा संबंध बहुतेकांना ढोबळपणे ठाऊक असतो. गार हवा तोंडावर आली की त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयाचे काम वाढते. त्यात भरपेट जेवून चढावर घाईने चालले की छाती भरून येते. म्हणून नाक-तोंड मफलरने झाकावे, जेवणानंतर थोडे थांबावे, चालताना बोलता येईल इतक्याच वेगाने चालावे. जिभेखाली ठेवण्याची गोळी आतल्या खिशात असावी. एक साधी कसोटी सांगतो: घरी दोन मजले न थांबता चढल्यावर छातीत दुखत नसेल आणि दम फार लागत नसेल, तर अशा प्रवासाचा विचार करण्यास हरकत नाही, अर्थात हृदयरोगतज्ज्ञांच्या तपासणीनंतर. ज्यांना अलीकडेच झटका येऊन गेला आहे, ज्यांच्या छातीत विश्रांतीतही दुखते, ज्यांचे पाय सुजतात व रात्री दम लागतो, किंवा ज्यांना घरी प्राणवायू लावावा लागतो, त्यांनी हा बेत सोडून द्यावा. विमानातील हवेचा दाबच १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या, म्हणजे महाबळेश्वरहूनही उंच ठिकाणच्या हवेइतका असतो; तेथूनच त्रास सुरू होईल. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या प्रवासासाठी एक दिवसही थांबवू नयेत. औषधे दोन ठिकाणी विभागून न्यावीत, आणि त्यांतली एक पिशवी कायम हातातल्या सामानात ठेवावी.

मधुमेहाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथेच घोटाळे होतात. इन्सुलिन एकदा गोठले की ते वितळल्यावरही निकामी. म्हणून ते विमानाच्या सामानकक्षात देऊ नये आणि बाहेर पडताना शरीरालगतच्या खिशात ठेवावे. साखर मोजण्याचे यंत्र फार थंडीत चुकीचे आकडे दाखवते किंवा चालतच नाही. मोजणी खोलीत येऊनच करावी. नॉर्वेचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास आणि उन्हाळी वेळेत, म्हणजे सप्टेंबरात, साडेतीन तास मागे असते, म्हणजे जाताना तो दिवस तितका लांबतो. त्या दिवशीच्या मात्रा कशा घ्यायच्या हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणावे. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे थरथर. साखर उतरल्यावरही माणूस थरथरतो आणि थंडीनेही. बाहेर अंधारात, जाड कपड्यांत, घाम फुटलेला दिसत नाही. शेजारी म्हणतात, ‘थंडी वाजतेय, आणखी एक शाल द्या.’ अशा वेळी संशय आला की आधी ग्लुकोज द्यावे, मग मोजत बसावे. चॉकलेट थंडीत दगडासारखे होते. ग्लुकोजची पूड बरी. पायांची संवेदना कमी झालेल्यांनी पायमोज्यांत उष्णता देणाऱ्या पुड्या घालू नयेत, शेकोटीला पाय लावू नयेत. रोज रात्री कुणीतरी त्यांचे तळवे उजेडात पाहावेत.

कपड्यांबाबत एकच आग्रह: सुती बनियन अंगालगत नको. सुती कापड घाम धरून ठेवते आणि उभे राहिले की अंग गार पडते. आत लोकरीचा किंवा थर्मलचा पातळ थर, मध्ये उबदार, वर वारा अडवणारा. बोटे सुटी राहणाऱ्या हातमोज्यांपेक्षा बोटे एकत्र ठेवणारे अधिक उबदार असतात. बूट एक माप मोठे घ्यावेत, घट्ट बुटांत पाय गारठतात. मार्चमध्ये गेल्यास बुटांखाली बांधायचे लोखंडी काटे तेथील दुकानांत मिळतात, ते पहिल्याच दिवशी घ्यावेत. दोन नंबरांचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरणाऱ्यांना खाली पाहताना पायाजवळची जमीन अस्पष्ट दिसते. बर्फावर आणि जहाजाच्या जिन्यावर दूरचाच चष्मा असावा. खुब्याचे हाड मोडणे हा थंडीपेक्षा मोठा धोका आहे.

मानेचाही विचार करावा. हा प्रकाश अनेकदा थेट डोक्यावर येतो. मणक्यांची झीज झालेल्या माणसाने मान मागे टाकून दहा मिनिटे वर पाहिले तर चक्कर येऊ शकते, आणि तीही अंधारात, घसरड्या जागी. मागे रेलता येणारी घडीची खुर्ची व तिच्यावर घोंगडी, हा उत्तम उपाय. प्रकाशाचा माग काढत मोटारीने फिरवणाऱ्या रात्रीच्या सहली सहा-सात तास चालतात आणि वाटेत स्वच्छतागृहे विरळ असतात. थंडीत लघवीही अधिक होते. आरक्षणापूर्वी याची स्पष्ट चौकशी करावी, लघवीच्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलावी, आणि गरज असेल तर डायपर वापरण्यात संकोच बाळगू नये. पाणी कमी पिणे हा मात्र उपाय नव्हे. तेथील तापवलेल्या खोल्यांची हवा कोरडी असते आणि उतारवयात तहान मुळातच कमी लागते. मद्याने क्षणभर ऊब वाटते, प्रत्यक्षात अंगातली उष्णता बाहेर जाते. फिनलंडमधील वाफेचे स्नान आणि त्यानंतर बर्फात उडी हा तेथल्या लोकांचा जुना परिपाठ आहे. हृदयरोग्यांनी तो पाहूनच समाधान मानावे.

बाई, आता थोडे आपल्याविषयी. पत्रात यजमानांची सारी औषधे मिलिग्रॅमसह लिहिली आहेत, आपल्या स्वतःच्या प्रकृतीविषयी एक ओळ नाही. प्रकाश मध्यरात्री केव्हाही येतो. त्यासाठी चार रात्री जागणे, दिवसा इन्सुलिन आणि गोळ्या सांभाळणे, हे एकट्याने होणार नाही. मुलाने सोबत राहावे आणि रात्रीचा पहारा त्याने करावा. काही हॉटेलांत प्रकाश दिसताच खोलीत घंटा वाजवण्याचीही सोय असते. ऑस्लोला पोहोचल्यावर तीन-चार दिवस मुलाच्या घरी काढूनच पुढे जावे. विमानात कडेची जागा घ्यावी, दर तासा-दोन तासांनी उठून चालावे, व्हीलचेअर आधी मागून ठेवावी.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. पण त्यात जुन्या आजारांचा समावेश आहे की नाही, हे बारीक अक्षरांत वाचावे. हृदयविकार आणि मधुमेह लपवून घेतलेला विमा ऐन वेळी उपयोगी पडत नाही. औषधांची चिठ्ठी कंपनीच्या नव्हे, मूळ औषधाच्या नावांनी लिहून घ्यावी. लाडू-चिवड्याच्या डब्यात दूध-तुपाचे पदार्थ नसावेत. भारतातून असे पदार्थ तेथे नेण्यास बंदी आहे. नॉर्वेत रुग्णवाहिकेसाठी ११३, स्वीडन, फिनलंड व आइसलंडमध्ये ११२ हे क्रमांक आहेत. ते यजमानांच्या कोटाच्या खिशात, आजारांच्या यादीसह, एका जाड कागदावर लिहून ठेवावेत. मोबाइल थंडीत अचानक बंद पडतो.

ढगांचे काय, हा प्रश्न उरतो. त्यावर इलाज नाही. एका ठिकाणी किमान चार रात्री ठेवल्या तर संधी पुष्कळ वाढते. तरीही चारही रात्री पाऊस पडू शकतो, हे यजमानांशी जाण्यापूर्वीच मोकळेपणाने बोलावे. भूगोलाच्या शिक्षकांना दिवसाही तेथे पाहण्यासारखे खूप आहे: हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्या आणि त्यांत शिरलेला समुद्र, ट्रॉम्सोच्या रज्जुमार्गावरून दिसणारी बेटे, ध्रुववृत्ताची ओलांडणी. लोकमान्यांचा १९०३ सालचा आर्क्टिकविषयक ग्रंथ घरात असेल तर तो सोबत घ्यावा. त्यांचा सिद्धान्त अभ्यासकांनी स्वीकारला नाही, पण दीर्घ उषेच्या त्या प्रदेशात बसून तो चाळण्यात वेगळी गंमत आहे.

डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेत कोणत्या प्रकारचे भिंग बसवावे, हेही बाईंनी विचारले आहे. बहुकेंद्री भिंगांनी रात्री दिव्यांभोवती वलये दिसण्याची तक्रार अधिक आढळते. या बेतापुरता विचार केला तर साधे एककेंद्री भिंग मला अधिक पसंत आहे. अंतिम निर्णय नेत्रतज्ज्ञांचा. भिंगांच्या इतर प्रकारांविषयी पुढील अंकात लिहीन.